चारवरची लाल खूण

सोमवार, ३ फेब्रुवारी १९९७

शिवाप्पाचे पुढचे दोन दात पडले, जबडा शाबूत. दुजोरा : टाके घालणारे डॉक्टर, मी स्वतः विचारलं. तानाजीच्या डोक्याला कापडदुकानातल्या लोखंडी गजाचा मार, सहा टाके. दुजोरा : तेच डॉक्टर, त्याच खोलीत. दोघांना एकाच बाकावर बसवलं होतं, मध्ये हवालदार.

बातमी दिली नाही. समोरच्या दोन घरांतली भांडणं काय छापायची. ऑफिसात "किरकोळ" म्हणून सांगितलं. किरकोळ नव्हतं. तानाजीच्या बायकोनं, सुशीलानं, ओट्यावर तीन बादल्या ओतल्या तरी फरशीच्या फटीत लाल राहिलं.

कारण मल्लू अण्णांचा अँप्लिफायर.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

नीट टिपून ठेवतो. तानाजी उद्यमनगरात लोखंडाच्या भट्टीवर, कायम रात्रपाळी. सकाळी आठला घरी, दहाला आडवा, पाचला उठतो. अण्णा कापडाचं दुकान एकला बंद करून येतात, जेवतात आणि चारपर्यंत गाणी. नाट्यगीतं, भावगीतं, कानडी वचनं. रेडिओ दुरुस्तीवाल्या याकूबभाईनं हातानं जोडून दिलेला शंभर वॅटचा अँप्लिफायर. स्पीकर कमरेएवढे, आणि तेही तानाजीच्या सामाईक भिंतीला टेकवून. भरदुपारची वेळ, म्हणून गल्लीत कुणाची तक्रार नाही. फक्त तानाजीची. आणि भट्टीतल्या ठोकाठोकीनं तानाजी अर्धा बहिरा.

काल शिवाप्पानं तेच काढलं. हा अण्णांच्या बायकोचा भाऊ, निपाणीकडचा, अण्णांच्याच दुकानात असतो. म्हणाला, "बहिऱ्याला कसला तरास ओ पावणं?" मग मूठ, मग गज.

तानाजीला दवाखान्यातून घरी आणताना रिक्षात : "बापू, मला गाणं ऐकू येत न्हाय. ते भित्तीतनं छातीत येतंय. पालथं झोपलो तर पाठीत येतंय."

सुशीलाचं वेगळंच माप. त्या भिंतीच्या फळीवर पाण्याचा तांब्या असतो. गाणं लागलं की पाण्यावर वळ्या उठतात म्हणाली.

रविवार, ९ फेब्रुवारी

समेट झाला. माझ्या पुढच्या खोलीत सुरुवात, अण्णांच्या घरी शेवट. दोन्ही बाजूंनी पोलिसातल्या तक्रारी मागं घ्यायच्या असं आधीच ठरलं होतं. प्रश्न आवाजाचा.

अँप्लिफायरच्या नॉबवर शून्य ते दहा आकडे. मी कागदावर मांडलं : शंभर वॅट, दहा आकडे, म्हणजे एका आकड्याला दहा वॅट. सगळ्यांनी मान डोलावली. मग प्रत्यक्ष बघितलं. अण्णांनी कॅसेट लावली, मी नॉब फिरवत गेलो, सुशीला पलीकडे तांब्यापाशी उभी. भिंतीपलीकडून ओरडून सांगायची. सहावर, "हाललं." पाचवर, "जरा जरा हालतंय की." चारवर, "गप हाय."

चार ठरलं. लेकीनं माहेरी विसरलेली नेलपॉलिशची बाटली सौ.नं दिली. चारच्या आकड्यावर लाल ठिपका ठेवला आणि फुंकर मारून वाळवला.

कागद मी लिहिला : "मल्लिकार्जुनअण्णा अँप्लिफायर चाळीस वॅटच्या, म्हणजे लाल खुणेच्या, पुढे नेणार नाहीत. तानाजी भिंतीवर ठोकणार नाही, दारात जाणार नाही. शंका आल्यास बापूंनी खूण बघून सांगावे, ते दोघांना मान्य." दोन सह्या, खाली माझी.

अण्णा : "बापूराव, आमच्यात गज म्हंजे गज. खुणेच्या म्होरं एक सूत गेलं तर माझा हात तोडा."

शिवाप्पा दाराशी उभा. तोंडाला रुमाल. सही करायला त्याला कुणी बोलावलं नाही. चूक झाली का?

शनिवार, १५ फेब्रुवारी

सुशीला आजऱ्याला माहेरी जाऊन आली. घनसाळ तांदूळ आणला आमच्यासाठी, दोन शेर तरी असेल. म्हणाली, "मालक सात तास झोपतोय. कूस बदलत न्हाय."

भात शिजताना घरभर वास. सौ. म्हणाली, "तीस वर्षं बातम्या लिहिल्यात, पण तांदूळ पहिल्यांदा आला."

बुधवार, १२ मार्च

गल्ली शांत. शिवाप्पानं कवळी बसवली. आज पानपट्टीवर भेटला. मी म्हटलं, बरी बसली की. म्हणाला, "दात बसलं. राग बसायचा हाय." हसला. नवे दात जरा जास्तच पांढरे.

मंगळवार, ८ एप्रिल. पाडवा

अण्णांनी सीडी प्लेअर घेतला. गुढी उभारून झाल्यावर त्याला हळदकुंकू, हार, अँप्लिफायरलाही एक फूल. आम्हाला श्रीखंडाला बोलावणं. तानाजी, सुशीला सणाला गडमुडशिंगीला गेलेली.

आवाज काय सांगावा. तबल्यावरची बोटं वेगवेगळी मोजता आली. आणि मोठा वाटला. चांगलाच मोठा. वाटीतलं श्रीखंड सोडून उठलो, नॉब बघितला. लाल खुणेवर. केसभरही पुढं नाही. अण्णा बघतच होते. "बघा बघा. पाडव्याला खोटं करणार न्हाय मी."

येताना सौ. म्हणाली, "मोठा होता हो." मी म्हटलं, सीडी स्वच्छ असते म्हणून तसं वाटतं. ती : "तांब्यापाशी आज कुणी नव्हतं."

बुधवार, ९ एप्रिल

दुपारी अडीच. तानाजी माझ्या दारात. बनियन, चड्डी, डोळे लाल. "बापू, कागद फाडला त्यांनी. बघा जाऊन."

गेलो. तानाजी कराराप्रमाणे अण्णांच्या दारात आला नाही, रस्त्यात उन्हात अनवाणी उभा. आत नाट्यगीत. खिडकीचं तावदान वाजत होतं. नॉब खुणेवर. मी खाली वाकून, चष्मा काढून, परत लावून बघितलं. खुणेवर.

बाहेर येऊन सांगितलं, "तानाजी, चारवरच आहे."

"तांब्या पडला, बापू. हालला न्हाय, पडला."

"कडेला ठेवला असेल."

मागं दारात शिवाप्पा, नवे दात दाखवत. तानाजी म्हणाला, "खूण तुमची, कागद तुमचा. बरं."

मी काय वेगळं सांगणार होतो. जे दिसलं ते सांगितलं.

गुरुवार, १० एप्रिल

आजही दीड ते चार. तानाजी आला नाही. भिंतीवरही ठोकलं नाही. बरं वाटलं.

शुक्रवार, ११ एप्रिल

मल्लू अण्णांचा खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला, डाव्या हाताची दोन्ही हाडं मोडली. जिवाला धोका नाही. दुजोरा : शस्त्रक्रिया विभागातले मोठे डॉक्टर, संध्याकाळी सव्वासहा. तानाजी अटकेत. दुजोरा : फौजदार.

दुपारी दोन वाजता मी गॅलरीत. तानाजी घरातून बाहेर आला, हातात भट्टीतली मळी ओढायची सळई, पाच फुटी, टोकाला वाकडी. पळत नव्हता. पाळीवर निघाल्यासारखा चालत अण्णांच्या दारात शिरला. मी ओरडलो. गाणं इतकं मोठं की माझं मलाच ऐकू आलं नाही.

आत पोचलो तोवर पहिला घाव झाला होता. तो अँप्लिफायरवर होता, हे मी शपथेवर सांगेन. अण्णा मध्ये आले, हात आडवा घातला. हाड मोडल्याचा आवाज गाण्यातूनही आला. वाळकं जळण मोडावं तसा. दुसरा घाव तोंडावर. तो अँप्लिफायरवर नव्हता.

तिसरा उगारला तेव्हा शिवाप्पानं मागून स्टूल घातलं. मग गल्ली आत आली. तानाजीला पायांनी तुडवला. ओळखीची माणसं. गणपतीची वर्गणी गोळा करणारी. एकानं त्याचं डोकं त्याच भिंतीवर आपटलं, दोनदा.

एवढं होऊनही गाणं चालूच. पत्रा चेपला होता, नॉब शाबूत, खुणेवर. शेवटी मीच प्लग ओढला. तेव्हा कळलं की अण्णांची बायको किंचाळत होती.

शर्ट भिजत घातलाय. सौ.नं पाणी तीनदा बदललं.

शनिवार, १२ एप्रिल

ठाण्यात जबाब. फौजदार सभ्य माणूस, चहा मागवला. पंचनाम्यात "नॉब लाल खुणेवर आढळला" असं आलंय.

"म्हणजे समोरच्यानं करार पाळला होता?"

"हो."

"मग मारायला कारण नव्हतं."

"खुणेपुरतं तरी नव्हतं."

त्यानं लिहिलं : "मारण्यास कारण नव्हते." मी वाचलं. माझे पहिले दोन शब्द गळाले होते, आणि पहिला घाव मशीनवर झाल्याचंही. दुसऱ्याच्या मजकुरातले शब्द मी आयुष्यभर काढत आलो, कुठला काढल्यावर काय बदलतं ते मला कळतं. सही केली.

बाहेर पडताना फौजदार : "जिवे मारण्याच्या प्रयत्नाचं कलम लावतोय. तुमचा जबाब पक्का आहे, जामीन होत नाही लवकर."

तानाजी कोठडीत कोपऱ्यात. एक डोळा मिटलेला, ओठ फाटलेला. मला बघून म्हणाला, "खूण खोटी हाय, बापू." एवढंच.

रविवार, १३ एप्रिल

सुशीलाचं उजवं मनगट मोडलं. दुजोरा : सौ., तीच दवाखान्यात घेऊन गेली. सकाळी नऊला शिवाप्पा चार जणांना घेऊन जीपमधून आला. तानाजीचं दार लाथेनं तोडलं. भांडी रस्त्यावर. सुशीला दारात आडवी झाली तर सायकलची चेन. गल्लीतलं कुणी पुढं झालं नाही. मी झालो, उशिरा. एकानं माझा चष्मा काढून माझ्याच खिशात ठेवला आणि म्हणाला, "बसा की घरात, काका."

शिवाप्पा जाताना सुशीलाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं : "तुझा दाल्ला जामिनावर येऊ दे. सळई त्येचीच आणतो."

तक्रार द्यायला ती तयार नाही. आजऱ्यालाही जायला तयार नाही. सौ.ला म्हणाली, "गेलो तर मालक खोटा ठरल."

बुधवार, १६ एप्रिल

हे नीट लिहायला हवं.

अण्णांच्या बायकोनं याकूबभाईला बोलावलं, अँप्लिफायर बघायला. चेपलेला डबा तसाच पडला होता, विजेचा धक्का लागेल म्हणून कुणी हात लावला नव्हता. मीही गेलो. याकूबभाईनं झाकण काढलं, आत फुंकर मारली, वायरी चाचपल्या. मशीन जिवंत. मग मागची वायर बघून त्याचा हात थांबला.

"हे काय लावलंय? टेप कुठाय?"

मी सांगितलं, पाडव्यापासून सीडी.

"आणि नॉब?"

"चारवर. चाळीस वॅट."

याकूबभाई खाली फरशीवर बसला. "चाळीस वॅट कुणी सांगितलं?"

"शंभराचे दहा भाग..."

"बापू, तुम्ही पेपरात हाय का किराणा दुकानात?"

मग समजावलं. जसं बोलला तसंच उतरवतो. "गेन म्हंजे पट. आत जे येतंय त्येच्या किती पट करून भाईर द्यायचं. पॉवर म्हंजे मशीन जास्तीत जास्त किती देऊ शकतंय. नॉब या दोन्हीतलं काय न्हाय. नॉब म्हंजे नुस्ता दरवाजा, आलेल्यातलं किती आत सोडायचं त्येचा. दरवाजा तेवढाच उघडा, पण भाईर किती माणसं उभी हायत ते कोण बघणार?"

मला कळेना. तो वैतागला. "रस्सा वाढताना पळी एकच. पाडव्याआधी त्या पळीनं पांढरा वाढत होता. पाडव्यानंतर त्याच पळीनं तांबडा वाढला. आणि तुम्ही म्हणताय, पळी तेवढीच हाय, तोंड का पोळलं?"

मीटर काढला. टेपमधून व्होल्टचा जेमतेम तिसरा हिस्सा. सीडीमधून दोन व्होल्ट. "सहा पट. आणि व्होल्ट सहा पट झाला की वॅट छत्तीस पट होतात. गुणाकार दोनदा." मग स्पीकरकडे जाणारं मोजलं. टेपवर, लाल खुणेपाशी, दोन वॅट. माझे चाळीस वॅट म्हणजे दोन होते. त्या दोनात तानाजी दोन महिने झोपला. सीडीवर, त्याच खुणेपाशी, सत्तरच्या वर.

"अजून जरा गेला असता तर मशीनची हद्द संपली असती. मग नॉब कितीबी फिरवा, पॉवर वाढत न्हाय, नुस्तं फाटतंय आणि स्पीकर जळतोय."

अण्णांनी शब्द पाळला. तानाजीनं खोटं सांगितलं नाही. तांब्यानं तर अजिबात नाही.

दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय ओळ सोडायची नाही, हे मी नवीन पोरांना शिकवतो. "एका आकड्याला दहा वॅट" हे मी एकाही ठिकाणी विचारलं नव्हतं. याकूबभाईचं दुकान चालत सात मिनिटांवर.

गुरुवार, १७ एप्रिल

ठाण्यात गेलो. पुरवणी जबाब द्यायचाय म्हटलं. फौजदारानं पूर्ण ऐकून घेतलं.

"बापूराव, सळई दोन वॅटची होती का सत्तरची?"

जबडा मोडलाय हे कशानंच कमी होत नाही. मी एवढंच म्हटलं, "कारण नव्हते हे वाक्य माझं नाही. आणि पहिला घाव मशीनवर होता, ते मी सांगितलं होतं, ते जबाबात नाही." त्यानं जुना कागद बाजूला सारला. मग घेतला लिहून. या वेळी प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचून घेतली, तीन शब्द परत घालायला लावले.

तानाजीचा वकील म्हणाला, यावर कलम उतरू शकतं. सोमवारी जामिनाची सुनावणी. "पण तो घरीच येणार ना ओ? त्याच भिंतीला?"

शनिवार, १९ एप्रिल

अण्णा घरी आले. जबडा तारांनी बांधलेला, बोलता येत नाही, नळीनं पेज. हात गळ्यात. उजव्या हातानं पाटीवर लिहितात. मला बघून पहिलं लिहिलं : "एक सूतभर पण नाही."

म्हटलं, माहीत आहे अण्णा. उद्या याकूबभाईला घेऊन येतो. दाखवायचंय.

शिवाप्पा : "काय दाखवताय आता? तोंड दाखवा त्येचं फकस्त."

रविवार, २० एप्रिल

डाव्या कानात अजून शिट्टी वाजतेय. लिहायचा हात शाबूत आहे, ते बरं.

सकाळी अकरा. अण्णा खुर्चीत, बायको मागं, शिवाप्पा आणि जीपमधले दोघं दाराला टेकून. सुशीला आत यायला तयार नव्हती. मी म्हटलं, तुझ्या घरात उभी राहा, पहिल्यासारखी. दोन्ही घरांची पुढची दारं सताड उघडी. शिवाप्पाचा एक माणूस तिच्याकडे उभा केला, तांब्या बघायला. त्यांचाच माणूस, म्हणजे दुजोरा पक्का.

याकूबभाईनं नॉब खुणेवर ठेवला आणि वर चिकटपट्टी मारली. "आता ह्याला कुणी हात लावायचा न्हाय. मी पण न्हाय."

टेप. तेच नाट्यगीत, कॅसेटवर. पलीकडून सुशीला : "गप हाय." शिवाप्पाच्या माणसाचा आवाज : "व्हय, गप हाय."

वायर बदलली. सीडी. चिकटपट्टी तशीच.

पहिल्याच आघाताला अण्णांची बायको दचकली. अण्णांनी डोळे मिटले. जबड्यातल्या तारा दुखल्या असणार. पलीकडून खणकन पितळ फरशीवर. मग शिवाप्पाचा माणूस, हळूच : "पडला, शिवाप्पामामा. चालत चालत कडंला गेला आणि पडला."

याकूबभाईनं बंद केलं.

अण्णांनी पाटी घेतली. "मग मी खोटा नव्हतो."

सुशीला दारात आली होती, मोडलेला हात ओढणीनं बांधलेला, दुसऱ्या हातात तांब्या. पाटी वाचून म्हणाली, "आणि आमचा मालक पण न्हवता, अण्णा."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. तिच्या हाताकडे. मग शिवाप्पाकडे. त्या हाताचं त्यांना कुणी सांगितलेलं नसावं. पाटीवर काहीतरी लिहिलं, पुसलं.

शिवाप्पा माझ्याकडे आला. "म्हंजे ह्यो खरा, त्यो खरा. खोटं कोण मग? खूण कुणी मारली?"

"मी."

कानफाटात मारली. मी बसलो ते स्पीकरवरच. दुसरी मारणार तर याकूबभाई मध्ये. त्याला ढकलला, तो भिंतीवर. सुशीला तांब्या उगारून पुढं आली. अण्णांनी पाटी लाकडी खुर्चीच्या हातावर इतक्या जोरात आपटली की कोपरा तुटला. सगळे थांबले.

अण्णांनी तुटक्या पाटीवर लिहिलं, शिवाप्पाला दाखवलं. "हिचा हात कोणी?"

शिवाप्पानं तोंड फिरवलं. "अक्का, पाणी दे," म्हणाला बहिणीला. तिनं दिलं नाही.

निघताना मी खिशातून ब्लेड काढलं, खूण खरवडायला. अण्णांनी माझं मनगट धरलं. नको अशी मान हलवली. पाटी : "शब्द दिलाय. खूण राहू दे. उद्या १ वाजता कॅसेट लावणार."

मी म्हटलं, अण्णा, उद्या तानाजी येतोय. त्यांनी "१ वाजता" खाली रेघ ओढली.

हे धाडस की हट्ट की आणखी काय, मला सांगता येत नाही. सौ.ला विचारलं. तिनं कानाला हळदीचा शेक दिला आणि म्हणाली, "तो ओट्यावर यायच्या आधी त्याला सांगा म्हणजे झालं."

सोमवार, २१ एप्रिल, सकाळी साडेअकरा

जामीन मंजूर. कलम उतरवलं. दुजोरा : वकील, कोर्टाबाहेरच्या टेलिफोन बूथमधून. तानाजी साडेबारापर्यंत सुटेल, रिक्षानं येईल. बरोबर कुणी नाही. कोर्टातच थांबवा म्हटलं, मी येतो. फोन कटला. परत लागत नाही. मी निघालो आणि वाटेत चुकामूक झाली तर इथं त्याला अडवायला कुणी नसेल.

जीप सकाळपासून गल्लीच्या तोंडाशी. शिवाप्पा अण्णांच्या पायरीवर. मांडीवर गज. अण्णांनी त्याला आत बोलावलं, गेला नाही. त्यानं अण्णांचं ऐकलं नाही असं आजवर झालेलं नाही. पाठ भिंतीकडे आहे, तोंड रस्त्याकडे.

सुशीलानं फळी पुसून तांब्या ठेवलाय. काठोकाठ भरून. डाव्या हातानं भरला, म्हणून थोडं सांडलंय.

अण्णांच्या खिडकीतून दिसतंय : टेपची वायर लावलेली, सीडी प्लेअर कपाटावर, वर फडकं. नॉबवरची चिकटपट्टी काढलेली नाही.

माझ्या हिशोबानं रिक्षा बारा पन्नासला कोपऱ्यावर. दहा मिनिटं हातात. तेवढ्यात त्याच्या चांगल्या कानात सांगायचं की दोन वॅट होते, नंतर सत्तर झाले, चूक माझी. रस्त्याच्या मधोमध, जीप आणि पायरी यांच्यामध्ये. त्यानंतर गाणं लागेल.

चष्मा घरी ठेवून जातोय.